लहान मुलांना भूगोल कसा शिकवावा?



कांहीं वर्षांपूर्वीं एका प्राथमिक शाळेंत चौथीच्या वर्गाची तोंडी परीक्षा घेण्याचा प्रसंग मजवर आला होता. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा टांगलेला होता. मुलें हुशार होतीं. जिल्ह्यांचीं नांवें, नद्यांचे उगम, पिकांच्या याद्या, सारें कांहीं त्यांना मुखोद्गत होतें. मीं एका मुलीला विचारलें, "कृष्णा नदी महाबळेश्वरीं उगम पावते आणि वाईवरून पुढें दक्षिणेकडे जाते. ती दक्षिणेकडेच कां बरें जाते?" ती क्षणभरही न थांबतां म्हणाली, "कारण दक्षिण खालीं आहे." आणि तिनें नकाशाच्या खालच्या कडेकडे बोट दाखविलें. वर्गांतील एकाही मुलाला त्यांत चूक दिसली नाहीं. मग मीं विचारलें, "बरें, उत्तर कोणीकडे?" तेव्हां पंधरा-वीस बोटें एकदम वर, छपराकडे गेलीं!

त्या मुलीला मीं चूक म्हटलें नाहीं. पाणी उताराकडे वाहतें हें तिला ठाऊक होतें, आणि तिच्यापुढें जी वस्तु ठेवली होती तींत दक्षिण खरोखरच खालीं होती. तिचा तर्क बिनचूक होता. तिला दिलेलें साधनच अपुरें होतें. शाळेच्या मागून कृष्णेचाच एक ओढा वाहत होता, पण भूगोलाच्या तासाला त्या ओढ्याकडे कोणीं पाहिलें नव्हतें. शिक्षकांनीं आळस केला असेंही नाहीं. पुस्तकांत जें होतें तें त्यांनीं मनापासून शिकविलें होतें. मग नकाशा आणि जमीन यांची अशी फारकत कां झाली, आणि ती कशी टाळतां येईल, या विषयावर आज मी चार शब्द बोलणार आहें.

भूगोलाचे आपण दोन भाग करतों. डोंगर, नद्या, वारे, पाऊस, माती हा एक, आणि माणसांचीं घरें, पिकें, धंदे, रस्ते, गांवें हा दुसरा. पहिल्याला प्राकृतिक भूगोल म्हणतात, दुसऱ्याला मानवी. विद्वानांच्या सोयीसाठीं ही वांटणी ठीक आहे. परंतु प्राथमिक शाळेंत ती जशीच्या तशी उतरली म्हणजे 'हवामान' हा एक धडा होतो, 'लोकजीवन' हा दुसरा होतो, आणि मुलाच्या पदरांत दोन याद्या पडतात. वस्तुतः लहान मुलाचा भूगोल म्हणजे एकच प्रश्न आहे: 'हें येथेंच कां?' हा प्रश्न मुलाच्या डोळ्यांपुढील वस्तूविषयीं विचारला कीं डोंगर आणि माणूस हे दोन धडे राहत नाहींत; उत्तर शोधतां शोधतां ते आपोआप एक होतात.

येथें कोणी म्हणेल, "जवळून दूर जावें हें तत्त्व आम्हांला ठाऊक आहे. गांव, तालुका, जिल्हा, राज्य, देश आणि मग जग, असा क्रम आमच्या शाळांतून पूर्वींपासून चालत आला आहे." हें खरें आहे. महाराष्ट्रांत तिसरीच्या मुलांसाठीं प्रत्येक जिल्ह्याचें निराळें पुस्तकही काढण्यांत आलें. हेतु चांगलाच होता. परंतु जवळ म्हणजे काय, याचा आपण पुरता विचार करीत नाहीं. आपल्या तालुक्याच्या चतुःसीमा आठ वर्षांच्या मुलाला ब्राझीलइतक्याच दूर असतात, कारण त्या त्यानें कधीं पाहिलेल्या नसतात. उलट ताटांतील भाकरी, नळाचें पाणी, छपरावरून गळणारी पागोळी या गोष्टी त्याच्या खऱ्या जवळच्या. जवळ आणि दूर हें मैलांवर मोजावयाचें नसून अनुभवावर मोजावयाचें असतें.

तेव्हां आरंभ पागोळीपासूनच करावा. जुन्या कौलारू शाळेच्या छपराला मध्यें आढें असतें. त्याच्या अलीकडे पडलेला पाऊस पुढच्या अंगणांत येतो, पलीकडे पडलेला मागच्या परसांत जातो. दोन थेंब वीतभर अंतरावर पडले, तरी एक पुढें आणि एक मागें. हें मुलांनीं पावसाळ्यांत उभें राहून पाहिलें म्हणजे मग त्यांना सांगावें कीं, आपल्या महाराष्ट्रालाही असेंच एक आढें आहे आणि त्याचें नांव सह्याद्रि. महाबळेश्वरच्या माथ्यावर पडलेला एक थेंब सावित्री नदींतून सुमारें १०० किलोमीटरांचा प्रवास करून पश्चिमेच्या अरबी समुद्रास मिळतो. त्याच्याच शेजारीं पडलेला दुसरा थेंब कृष्णेंत शिरतो. त्याला अरबी समुद्र जेमतेम ६५ किलोमीटरांवर असतो. तरीही तो पाठ फिरवून पूर्वेस निघतो आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण व आंध्र ओलांडून सुमारें १४०० किलोमीटरांनंतर बंगालच्या उपसागरांत पोंचतो. हें ऐकतांना मुलांचे डोळे विस्फारतात. आढें ज्यानें पाहिलें आहे त्याला पाणलोटाची व्याख्या घोकावी लागत नाहीं.

त्यानंतर पावसाचें माप घ्यावें. सरळ कांठाचा एखादा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळीं त्यांतील पाणी पट्टीनें मोजणें हें काम तिसरीचीं मुलें उत्तम करतात. पाऊस मिलिमीटरांत कां सांगतात, हें त्यांना यावरूनच उमगतें: पडलेलें पाणी वाहून न जातां जागच्या जागीं सांचलें असतें तर किती उंच झालें असतें, तें हें माप. आतां शाळेच्या भिंतीवर खडूनें खुणा कराव्या. वाईला वर्षभरांत सरासरी सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. ही खूण मुलांच्या कमरेशीं येते. वाईहून पसरणीचा घाट चढून पांचगणीस गेलें कीं पाऊस गुरुजींच्या डोक्याइतका उंच होतो. आणि तेथून अवघ्या १९ किलोमीटरांवरील महाबळेश्वरची खूण करावयाची तर शिडी आणावी लागते, कारण तेथील पाऊस सुमारें ६००० मिलिमीटर, म्हणजे शाळेच्या छपराहूनही उंच! एका सकाळच्या प्रवासांत पाऊस कमरेवरून छपरापर्यंत कां चढतो? येथें मुलें आपण होऊन 'कां' विचारतात. उकळत्या पाण्यावर थंड ताटली धरून तिच्या पाठीवर जमलेले थेंब त्यांना दाखवावे. समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला अडून वर चढतो, वर जातां जातां गार होतो आणि त्यांतील वाफेचें पाणी होऊन कोसळतें. घाटमाथा ओलांडून तो खालीं उतरूं लागला म्हणजे पुन्हां उबदार होतो, आणि तोंवर त्याची झोळीही बरीच रिकामी झालेली असते. वाईच्याही पूर्वेला, फलटण आणि माण या बाजूंना, तो आणखी कोरडा होऊन जातो.

आणि याच ठिकाणीं, त्याच तासाला, माणसाकडे वळावें. मुलांना विचारावें, "तुमच्या घरीं भाकरी कशाची?" कोंकणांतून आलेल्या मुलाच्या घरीं तांदळाची, नाचणीची, देशावरच्या मुलाच्या घरीं ज्वारीची, बाजरीची. भाताला पायाशीं पाणी उभें लागतें. तें भिंतीवर शिडी लावावी लागते तेथें मिळतें, कमरेएवढ्या खुणेपाशीं मिळत नाहीं. उलट देशावरची काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळा सरल्यावर पेरलेली शाळू ज्वारी त्या ओलीवर वाढते. ही माती ज्या काळ्या दगडाची झाली तो सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूमींतून वर आलेल्या तप्त रसाचा झालेला आहे. तेव्हां ज्वारीच्या भाकरीची कथाही तितकीच जुनी आहे! घरांचेंही तसेंच. कोंकणांत पाणी झटकून टाकणारीं उतरतीं छपरें आणि जांभ्याच्या भिंती. पूर्वेच्या कोरड्या भागांत मातीचीं सपाट धाबीं, ज्यांवर धान्य वाळवावें आणि उन्हाळ्यांत निजावें. हल्लीं सिमेंटच्या गच्च्या सर्वत्र झाल्यामुळें हा फरक डोळ्यांस लवकर दिसत नाहीं. परंतु घरोघरच्या आज्यांना तो आठवतो, आणि आजीला विचारून येणें हा मुलांना फार आवडणारा गृहपाठ आहे.

एक उदाहरण मी नेहमीं सांगतों. देशावरच्या कोरड्या तालुक्यांतील मेंढपाळ धनगरांपैकीं कित्येक पावसाळा संपला, दिवाळी झाली कीं मेंढ्या, घोडीं आणि बिऱ्हाड घेऊन घाट उतरतात व कोंकणांत जातात. तेथें भाताची कापणी झालेली असते. मोकळ्या शेतांत मेंढ्या चरतात, रात्रीं तेथेंच बसतात, शेताला खत मिळतें, आणि शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. पुढच्या पावसाआधीं कळप परत वर येतात, कारण कोंकणच्या मुसळधार पावसांत मेंढी टिकत नाहीं. आतां पहा, या एका गोष्टींत वारा, पाऊस, डोंगर, माती, पीक, जनावर आणि माणसामाणसांतील देवघेव, सारें आलें. हा धडा प्राकृतिक म्हणावा कीं मानवी? रस्त्यावर मेंढ्यांमुळें मोटार थांबली म्हणजे आपण त्रासून भोंगा वाजवितों. ज्या मुलाला हा धडा समजला तें काचेला नाक लावून बाहेर पाहील आणि विचारील, "बाबा, हे आतां उतरत आहेत कीं चढत आहेत?"

मात्र शिक्षकांनीं एक सावधगिरी बाळगली पाहिजे. डोंगरानें आणि पावसानें माणसाचें सारें कांहीं ठरवून टाकलें आहे, अशी समजूत मुलांची होतां कामा नये. त्यासाठीं कोयनेची गोष्ट सांगावी. कोयनाही महाबळेश्वरचीच. ती सह्याद्रीच्या कुशींतून दक्षिणेकडे जाते, हेळवाकपाशीं पूर्वेस वळते आणि कऱ्हाडला कृष्णेस मिळते. अर्थात् तिचें पाणी बंगालच्या उपसागराचें. परंतु माणसानें तिला धरण बांधलें, डोंगर पोखरून तिचें पाणी पश्चिमेस चारशें मीटरांहूनही अधिक खालीं सोडलें आणि त्यावर १९६२ सालापासून वीज निर्माण होऊं लागली. तें पाणी पुढें चिपळूणच्या वाशिष्ठी नदींतून अरबी समुद्रास जातें. आढ्याच्या अलीकडचें पाणी माणसानें पलीकडे नेलें! मुलांनीं टाळ्या वाजवाव्या असाच हा पराक्रम आहे. पण येथें थांबूं नये. त्या जलाशयाखालीं जीं गांवें गेलीं तेथेंही घरें होतीं, शाळा होत्या, आणि त्यांत तुमच्याएवढीं मुलें होतीं. त्यांना दुसरीकडे जावें लागलें, हेंही त्याच आवाजांत सांगावें. आपल्या खोलींतील दिवा कोणाच्या अंगणावरून आला, हें कळणें हा भूगोलाचाच भाग आहे.

ही शिकविण्याची रीत कांहीं माझी नव्हे. स्वित्झर्लंडांत पेस्टालॉझी (१७४६–१८२७) या थोर शिक्षकानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इव्हेर्डाँ येथील आपल्या शाळेंत हेंच केलें. तो मुलांना आधीं जवळच्या दरीवर हिंडवून आणीत असे, येतांना त्यांच्याकडून चिकणमाती आणवीत असे, आणि परत आल्यावर त्या मातीची दरी मुलांनींच टेबलावर घडवावी, असा त्याचा परिपाठ होता. ती घडविल्यानंतरच नकाशा त्यांच्यासमोर येई. अर्वाचीन भूगोलशास्त्राच्या प्रवर्तकांपैकीं कार्ल रिटर हा त्या शाळेस भेट देऊन प्रभावित झाला होता. आपल्याकडे माती, पाणी आणि मोकळीक यांची वाण नाहीं. दिवाळींत आपलीं मुलें मातीचे किल्ले करतात. त्याच हातांनीं त्यांना गांवचा डोंगर, ओढा आणि रस्ता करावयास सांगितला, आणि वरून झारीनें पाणी ओतलें, म्हणजे भूगोलाचे तीन धडे एका दुपारीं होतात.

आतां नकाशाकडे येऊं. नकाशा पहिल्या दिवशीं भिंतीवर टांगूं नये. तो जमिनीवर पसरावा. सूर्य उगवतो ती पूर्व मुलांना ठाऊक असतेच. नकाशाची पूर्व त्या पूर्वेकडे करावी, भोंवतीं मुलांना बसवावें, आणि मगच बोट ठेवावयास सांगावें. आमच्या त्या वर्गांत दुसऱ्या दिवशीं आम्हीं असेंच केलें. नकाशाच्या खालीं पुस्तकें रचून सह्याद्रीची बाजू उंच केली. त्या मुलीनें कृष्णेवरून बोट फिरविलें, मग आपलें बोट उचलून खिडकीबाहेर ओढ्याकडे केलें, आणि म्हणाली, "म्हणजे दक्षिण खालीं नाहीं. जमीन तिकडे उतरती आहे." मला त्याहून अधिक कांहीं शिकवावयाचें उरलें नव्हतें.

आपण शहरांत राहणारे श्रोते म्हणाल, आमच्या मुलांना ओढा कोठला आणि अंगण कोठलें? परंतु शहरांतील मुलालाही पुष्कळ कांहीं जवळ असतें. पुण्याहून मुंबईस आगगाडीनें जातांना खिडकीजवळची जागा मुलास द्या आणि त्याच्या हातांतील खेळणें थोडा वेळ बाजूस ठेवा. लोणावळ्यापासून कर्जतपर्यंत ज्या बोरघाटानें गाडी उतरते, तो लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. तेथले बोगदे, काळा कातळ, पावसाळ्यांतले धबधबे, आणि खालीं उतरल्याबरोबर दिसणारीं भातखाचरें हा सारा धडा तिकिटाच्या पैशांत मिळतो. उन्हाळ्याच्या सुटींत गच्चीवर काठी उभी करून तिची दुपारची सावली रोज खडूनें आंखावयास सांगा. मे महिन्यांत पुण्यासातारकडे असा एक दिवस येतो कीं भर माध्यान्हीं काठीला सावलीच राहत नाहीं, आणि नंतर कांहीं आठवडे ती उत्तरेऐवजीं दक्षिणेस पडूं लागते. पृथ्वी आणि सूर्य यांच्या संबंधाविषयीं पुस्तकाचीं दहा पानें जें सांगणार नाहींत तें ही काठी सांगते. आणि नळाचें पाणी कोठून येतें, हें एखाद्या रविवारीं मुलाला प्रत्यक्ष दाखवून आणा. पुणेकरांना खडकवासला दूर नाहीं.

हें सारें कशासाठीं, असें कोणी विचारील. परीक्षेंत यानें गुण वाढतील किंवा न वाढतील. परंतु २६ जुलै २००५ चा दिवस आपल्यापैकीं पुष्कळांच्या स्मरणांत असेल. त्या दिवशीं मुंबईस सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या भिंतीवरची वाईची खूण आठवा. वाईच्या वर्षाहूनही अधिक पाऊस एका दिवसांत पडला. मिठी नदीला पूर आला आणि भोंवतालच्या वस्त्या बुडाल्या. शेंकडों माणसें मेलीं. त्या नदीला पुष्कळ मुंबईकर तोंवर नालाच समजत होते. ती विहार आणि पवई या तलावांकडून येते, माहीमच्या खाडीस मिळते, तिला उतार आहे आणि तिला स्वतःची जागा लागते, हें त्यांच्या ध्यानीं नव्हतें. मुलांनीं भूगोल शिकल्यानें पाऊस थांबत नाहीं, हें खरें. परंतु आपल्या रस्त्याचा उतार कोणीकडे आहे, पाणी कोठून येऊन कोठें जातें, आणि त्याच्या वाटेंत आपण काय बांधून ठेवलें आहे, हें ज्यांना लहानपणीं पाहावयास शिकविलें आहे, तीं माणसें मोठेपणीं नगराचे कारभारी म्हणून किंवा नुसतें नागरिक म्हणूनही वेगळा विचार करतील, अशी आशा करण्यास जागा आहे.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. येत्या पावसाळ्यांत पहिली सर आली म्हणजे मुलाला "आंत ये, भिजशील," असें म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबा. त्याच्याबरोबर दारांत उभे राहा आणि विचारा, "हें पाणी कोठें जाणार?" उत्तर तुम्हांला ठाऊक नसलें तरी बिघडत नाहीं. पाऊस थांबल्यावर छत्री घ्या, मुलाचें बोट धरा, आणि दोघे मिळून त्या पाण्याच्या मागें जाऊन पहा.